कटिंग एक नंबर, पण टीव्ही बघून आत जावा

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं दोन खुर्च्यांचं सलून आहे, नाव सांगत नाही, मामांना आवडायचं नाही. कटिंग १००, दाढी ६०, हात एकदम हलका, आणि तुरटी फिरवल्याशिवाय खुर्चीतनं उठू देत नाहीत. इथवर पैकीच्या पैकी मार्क. घोळ आहे तो कोपऱ्यातल्या टीव्हीचा.

परवा रविवारी गेलो तर माझ्या आधी चार जण, चॅनेलवर गाझा लागलेलं आणि दुकानात दोन पार्ट्या पडलेल्या, म्हणजे शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार फुटबॉल मॅच असली की कसं घरातनं निघतानाच ठरलेलं असतंय आपण कुणाचे, तसंच. शिरोळचे एक काका इस्रायलवाले. कारण काय तर ठिबक! त्यांचं रान क्षारपड व्हायला लागलेलं, ठिबकवर गेले म्हणून ऊस टिकला, आणि ज्यांनी हे शोधलं ती माणसं चुकतील कशी, हा त्यांचा हिशोब. समोर रिटायर्ड गुरुजी पॅलेस्टाईनवाले, त्यांची गाडी १९४७ पासनं सुरू, युनोत पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या विरोधात आपण मत दिलं, १९७४ ला पीएलओला, म्हणजे पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला, मान्यता दिली, १९८८ ला पॅलेस्टाईनला. काका म्हणाले, मग १९९२ ला इस्रायलशी दोस्ती कुणी केली, काँग्रेसच्या नरसिंह रावांनीच की. गुरुजींनी पेपर उघडला.

खोटं कुणीच बोलत नव्हतं, फक्त ऊस आणि काँग्रेस वजा केल्यावर गाझाचं किती उरलं ते मला कळंना.

तेवढ्यात एक पोरगं मोबाईल नाचवत आलं, हे बघा लाईव्ह, विमान पाडलं! खुर्चीत गळ्याभोवती कापड बांधून बसलेला सातवी-आठवीतला बारका आरशातनंच बघून म्हणाला, "दादा, ही गेम हाय." सगळे हसले. पोरग्यानं क्लिप तरी ग्रुपवर टाकलीच. (२०२३ च्या ऑक्टोबरात असल्या गेमच्या क्लिपा युद्ध म्हणून लई फिरल्या होत्या.)

मग आवाज चढले. एक म्हणतोय ७ ऑक्टोबरला हमासनं इस्रायलची बाराशे माणसं मारली, अडीचशे ओलीस नेली ते विसरला काय, दुसरा म्हणतोय त्यानंतर हजारोंनी लेकरं मेली ती दिसत नाहीत काय. काकांनी विचारलं, एवढं असंल तर ती माणसं दुसरीकडं जात का नाहीत?

ह्यावर मागं बाकावर बसलेला एक जण पहिल्यांदा बोलला. बारा वर्षं दोह्यात होता, रूममध्ये एक पॅलेस्टिनी ड्रायव्हर. आजोबा १९४८ ला हैफा सोडून लेबननला आलेले, बाप तिथंच जन्मला, हापण तिथंच, तरी पासपोर्ट नाही, निर्वासिताचा कागद. "सुट्टी लागली की आम्ही तिकीट बघायचो, त्यो कुठला देश आत घेतोय ते बघायचा. चहात कसला तर पाला टाकायचा, वास अजून नाकात हाय." मग म्हणाला, गाझा पट्टी हितनं निघून सांगली यायच्या आत संपती काका, त्यात वीस लाखावर माणसं. जाणार कुठं?

मलापण सांगायचं होतं. मावशीची अलिबागची जुनी शेजारीण, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आपल्याकडं ज्यांना शनिवार तेली म्हणायचे त्यातली, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते. फोनवर चक्क मराठीत सांगते, सायरन वाजला की पातेलं गॅसवरनं उतरवायलापण वेळ नसतो. पण वस्तरा गळ्याला असताना कोण बोलतंय.

आणि मामांचंपण लक्ष बाकाकडं. डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर गेला. वीस रुपये कमी घेतले, आणि टीव्हीवर कुस्ती लावली.

पाचपैकी साडेतीन. सकाळी नवाच्या आत जावा, तवा टीव्हीवर भक्तिगीतं असतात. सोमवारी बंद.