बॅबेसियाचे निदान: रक्ताची स्मिअर की पीसीआर?

गोचीड चावून ताप चढलेल्या कुत्र्याला बॅबेसिया (गोचिडीतून पसरणारा, तांबड्या रक्तपेशींत राहणारा परजीवी) झाला आहे का, हे पाहण्यासाठी कोणती तपासणी करावी, असा प्रश्न दादरच्या एका पालकांना पडला आहे. स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) स्वस्त असून सूक्ष्मदर्शकाखाली त्याच दिवशी पाहता येते. मात्र रक्तात परजीवी विरळ असतील तर ते निसटतात आणि तपासणाऱ्याची नजर किती सरावलेली आहे, यावर बरेच अवलंबून राहते (कानाच्या टोकाचे रक्त घेतल्यास ते सापडण्याची शक्यता वाढते). पीसीआर (रक्तातला परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) महाग आहे, अहवालही उशिरा येतो. पण तीत प्रजाती ओळखता येते, आणि बॅबेसिया गिब्सोनी या प्रजातीवर इमिडोकार्ब हे औषध एकटे सहसा पुरत नसल्याने ही माहिती उपचारच बदलते. ताप ताजा व तीव्र असल्यास आधी स्मिअर करावी. तीत काही न सापडूनही हिरड्या फिक्या (रक्तक्षयाची खूण) असतील, किंवा कुत्रा रक्तदाता असेल, तर पीसीआरवरच खर्च करावा.