बेळगावातल्या मेमरी क्लिनिकचा अनुभव: पाचात चार स्टार

एक स्टार का कापला ते आधी सांगतो. बाबा ७४ वर्षांचे, हल्ली विसरतात; सगळा जन्म वडगावात मागावर गेला. स्मरणशक्तीची चाचणी घेणाऱ्या मुलीने प्रश्न कन्नडात सुरू केले. बाबांचं कन्नड बाजारापुरतं. शंभरातून सात-सात वजा करा म्हटल्यावर ते गप्पच बसले आणि तिने शून्य मांडला. मराठीतून विचारा म्हटलं तर म्हणे फॉर्म कन्नड आणि इंग्लिशच आहे. बेळगावात ही तऱ्हा! डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी स्वतः मराठीतून परत घेतली. बाबा ९३, ८६ पर्यंत सरळ आले, मग अडकले. पण मघाशी सांगितलेल्या तीन शब्दांपैकी एकही आठवेना. घड्याळ काढायला दिलं, तर आकडे सगळे उजव्याच अंगाला.

बाकी डॉक्टर सोन्यासारखे. पाऊण तास दिला. बी-१२ आणि थायरॉइड आधी तपासायला लावलं, कारण त्यांच्या बिघाडानेही विसराळूपणा येतो. बाबांचं बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. पण एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, आक्रसलेला दिसला. अल्झायमर, म्हणाले. डोनेपेझिल नावाची गोळी लिहून देताना स्पष्ट म्हणाले, "याने थोडा आधार मिळेल, आजार थांबणार नाही."

मी विचारलं, सुरू कधी झालं असेल? पंधरा-वीस वर्षांमागे, म्हणाले. म्हणजे बाबा मागावर बसत होते तेव्हाच! अमायलॉइड बीटा नावाचे प्रथिनाचे तुकडे मेंदूतल्या पेशींच्या बाहेर एकमेकांना चिकटू लागतात. गठ्ठे नंतर दिसतात. त्याआधीचे बारीक पुंजकेच पेशींमधले सांधे बिघडवतात. पुढे पेशीच्या आतलं दुसरं प्रथिन, टाऊ. पेशीत मालाची ने-आण करणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांना हा टाऊ धरून ठेवतो. त्याच्यावर फॉस्फेट जादा चढलं की तो सुटतो आणि आपसातच पीळ खाऊन त्याचा गुंता होतो.

'गुंता' ऐकल्यावर इतका वेळ खिडकीकडे बघत बसलेले बाबा वळले. "गुंता झाला तर कातरून गाठ मारायची की. त्याला काय?"

डॉक्टर हसले नाहीत. "तुमच्या मागावर जमतं बाबा, इथं अजून जमत नाही."

मला मात्र धास्ती. मी ४९ चा. रक्तातून पी-टाऊ २१७, म्हणजे फॉस्फेट चढलेला टाऊ, तपासता येतो असं वाचलं होतं, म्हणून माझी पण करा म्हटलं. चक्क नाही म्हणाले. लक्षणं नसलेल्याने ती करू नये; वाढलेली निघाली तरी हातात देण्यासारखं औषध नाही, झोप तेवढी जाईल. त्यापेक्षा बीपी मोजा, ते वाढलेलं असलं तर या आजाराचा धोका वाढतो, म्हणाले. मोजलं, १५० वर ९६ निघालं. दुसरीकडे कुठं गेलो असतो तर तपासणीचं बिल हातात पडलं असतं.

नंबर सकाळी आठला लावा, नाहीतर दुपार होते. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि म्हाताऱ्यांना नेताना फॉर्म कुठल्या भाषेत आहे ते खालीच विचारून घ्या.