अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निवृत्ती : जळगावातील एका सल्लासेवेचा वर्षभराचा अनुभव

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून यावलजवळच्या वडिलोपार्जित शेतात लक्ष घालायचे, या इराद्याने मी आणि माझ्या पत्नीने गेल्या वर्षी जळगावातील एका आर्थिक सल्लागाराची सेवा घेतली. हे गृहस्थ सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेकडे नोंदणीकृत आहेत, ठरावीक वार्षिक शुल्क घेतात आणि कोणत्याही योजनेवर कमिशन घेत नाहीत. यापूर्वी एका एजंटाने गळ्यात मारलेली विमा पॉलिसी आम्ही नऊ वर्षे भरत होतो, त्यामुळे ही बाब आम्हांला मोलाची वाटली.

पहिल्या बैठकीतील हिशेब मात्र झोप उडवणारा होता. माझे वय 41 आणि घरखर्च महिना 50 हजार. 6 टक्के महागाई धरली तर सात वर्षांनी हाच खर्च 75 हजारांवर, म्हणजे वर्षाला 9 लाखांवर जातो. अमेरिकेतील विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये मांडलेला, पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के रक्कम काढून पुढे ती महागाईप्रमाणे वाढवत नेण्याचा नियम तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी आणि तिकडच्या बाजाराच्या आकड्यांवर बेतलेला आहे. आम्हांला चाळीस वर्षे काढायची असल्याने सल्लागारांनी 3 टक्केच धरले आणि पुंजी निघाली 3 कोटी. हा आकडा फुगवून किंवा लपवून न सांगता त्यांनी तो कागदावर टप्प्याटप्प्याने मांडून दाखवला, हे मला फार आवडले.

आरोग्यविम्याबाबतचा त्यांचा सल्ला तर संपूर्ण शुल्काची भरपाई करणारा ठरला. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबरच संपतो आणि मला मधुमेह आहे. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून नोकरी असतानाच स्वतःची पॉलिसी घ्यायला त्यांनी लावली. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साधारणपणे साठीनंतरच मिळते आणि भविष्य निर्वाह निधीचे निवृत्तिवेतन पन्नाशीनंतर घेता आले, तरी 58 च्या आधीच्या दर वर्षामागे त्यात 4 टक्के कपात होते, हेही त्यांनी वेळीच सांगितले. मधली वर्षे आपल्या पुंजीवरच काढायची आहेत, हे यातून स्पष्ट झाले.

उणीव जाणवली ती खर्चाच्या तक्त्यात. त्यांनी पिवळ्या रंगाने रंगवलेल्या ‘टाळता येण्याजोग्या’ खर्चांत आखाजीचे, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेच्या सणाचे, 40 हजार रुपये होते : दोन्ही बहिणींचे येणे-जाणे, त्यांच्या साड्या, मुलांचे कपडे, चार दिवसांचे पुरण-मांडे आणि आमरस. आम्ही मान डोलावली आणि यंदा बहिणींना ‘पुढच्या वर्षी या’ असे कळवले. अंगणातल्या निंबाला दरवर्षीप्रमाणे झोका बांधला, पण त्यावर आमची मुलगी एकटीच बसली आणि दहा मिनिटांत उतरून घरात आली. तो तक्ता टेबलावर पडलेला पाहून आईने एवढेच विचारले, “पोरींनी आता आखाजीला यायचंच नाही का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. खान्देशात सासुरवाशिणीला वर्षभर ज्या सणाची आस असते, तो चैनीच्या रकान्यात बसत नाही, असे मला मनापासून वाटते.

पुढच्या बैठकीत मी ही तक्रार मांडली. सल्लागारांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि तिथेच आकडेमोड केली : दरवर्षी 40 हजार हवे असतील, तर आजच्या भावाने सुमारे 13 लाखांची जादा पुंजी लागेल. त्यात आईच्या औषधपाण्याची आणि मुलीच्या शिक्षणाची वाढीव तरतूद धरल्यावर निवृत्तीचे वर्ष 48 वरून 51 वर गेले. पत्नीने ते लगेच मान्य केले. मला मात्र तीन वर्षांची जादा पाळी स्वीकारायला आठवडा लागला, कारण वडिलांचे वय 74 आहे आणि त्यांच्याबरोबर केळीच्या बागेत काम करायचे म्हणूनच मी घाई करत होतो. दर रविवारी यावलला जायचे, एवढे तूर्त ठरवले आहे.

हिशेबाचा नेमकेपणा आणि सचोटी यांसाठी ही सेवा मी जरूर सुचवेन. जाताना पती-पत्नी दोघांनी जावे, वर्षभराच्या घरखर्चाची वही सोबत न्यावी आणि कोणत्या खर्चावर पिवळा रंग चढू द्यायचा नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आधीच ठरवून ठेवावे. आम्ही पुढील वर्षाचे शुल्क भरले आहे आणि बहिणींना आखाजीचे निमंत्रणही कळवले आहे.