जुन्या क्लासिकचे मागचे शॉकअप बदलले: एक पावसाळा आणि एक ऊस हंगाम वापरून

माझी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० २०१२ची आहे. चालवणाऱ्याच्या सीटखाली दोन स्प्रिंगा, आणि मागची छोटी सीट थेट मडगार्डवर बसवलेली. त्यामुळे या गाडीचे शॉकअप गेले तरी मालकाला लवकर कळत नाही. निम्मा दणका सीटच्या स्प्रिंगा खातात, मागे बसलेल्याला मात्र सगळा पाठीवर घ्यावा लागतो. बायको गगनबावडा रस्त्यावरच्या कळे गावी, माहेरी जायचं म्हटलं की "मी आपली एसटीनं येते" म्हणायला लागली, तेव्हा गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेली.

मिस्त्रीनं मागची सीट दोन्ही हातांनी जोरात दाबली आणि सोडली. गाडी वर आली, खाली गेली, परत वर, परत खाली. "भावा, स्प्रिंगला काय धाड भरल्या? तेल मेलंय आतलं." चांगला शॉकअप एकदा वर येऊन थांबतो. दणका स्प्रिंग झेलते, पण तिची परतीची उसळी आवरतं ते आतलं तेल. पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल ढकललं जातं, तोच अडथळा उसळी जिरवतो. तेल थकलं, सील झिजलं की नुसती स्प्रिंग उरते. बाहेरून हे कळेलच असं नाही: माझ्या शॉकअपवर तेलाचा एक ओघळ नव्हता, क्रोमसुद्धा चकचकीत होतं.

कंपनीचे नवे घालून भागलं असतं, तेही गॅसचेच असतात. पण डबल सीट, घाट आणि आमचे रस्ते पाहून मी परतीची उसळी कमीजास्त करता येते असे, बाहेर गॅसचा डबा असलेले घेतले. जोडी दहा-बारा हजारांच्या घरात पडली. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, खाली थोड्या तक्रारी आहेत. डब्याचं काम एवढंच, की नायट्रोजनच्या दाबाखाली तेल राहिलं तर सलग खड्ड्यांत तापून त्याचा फेस होत नाही. फेस झाला की भोकातून सुळकन निघून जातो, आवर घालणारं काही राहत नाही. स्वस्तातल्या काही मालात हा डबा नुसता शोभेचा असतो, आत पोकळ. लाल-निळा रंग बघून भुलू नका.

लांबी मूळ शॉकअपइतकीच, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, म्हणजे वरच्या बोल्टच्या भोकापासून खालच्यापर्यंत, मोजून घेतली. लांब घातले की मागून गाडी उचलते, हँडल चंचल होतं आणि मधल्या स्टँडवर चाक टेकायला लागतं. बसवताना एक बाजू खोलून तिथला नवा बसवायचा, मगच दुसरी खोलायची, म्हणजे चाक खाली पडत नाही. चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे, बुश तेव्हाच बघून घ्यावेत. चाक आडवं हलवलं आणि खेळ जाणवला, तर नवे शॉकअप घालून उपयोग नाही. आमच्याकडे अडलं ते साडी गार्डवर. त्याची पट्टी डाव्या डब्याला घासत होती. मिस्त्री म्हणाला, काढून टाकूया. मागे साडी नेसून माणूस बसतं, म्हणून पट्टी वाकवून घेतली.

दुकानातून शॉकअप येतात ते आले तसे वापरू नयेत. चाक अधांतरी असताना एक्सलपासून मडगार्डवरच्या चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत मोजा, मग गाडीवर बसून पुन्हा. फरक एकूण हालचालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शात यावा. या गाडीची मूळ हालचाल ८० मिलिमीटर, म्हणजे साधारण २० ते २७. फरक जास्त आला तर हुक पान्यानं रिंग फिरवून स्प्रिंग दाबायची. रिंग आवळली की शॉकअप 'कडक' होतो असं सगळे म्हणतात, पण स्प्रिंग आहे तेवढीच कडक राहते, गाडी फक्त उंच बसते. एकटा माणूस रिंग पूर्ण आवळून गाडी चालवत असेल, तर खड्ड्यात चाकाला खाली जायला जागाच राहत नाही.

आता रस्त्यावरचं. पावसाळ्यात फुलेवाडी-बालिंग्याच्या खड्ड्यांत फरक मोठा वाटला नाही. खोल खड्डा तो खोल खड्डाच. पण ऊस हंगाम सुरू झाला, डबल ट्रॉलीच्या ट्रॅक्टरांनी गगनबावडा रस्त्यावर लाटा उठवल्या, तिथं पैसे वसूल झाले. पूर्वी एका लाटेवरून उसळलेली गाडी दुसरीवर आपटायची. आता एकदा दबते, वर येते, गप्प बसते. पन्हाळ्याकडच्या वाघबिळाच्या वळणांवर डबल सीट मागचं चाक डुलायचं, ते थांबलं. महामार्गाच्या डायव्हर्जनवर सारखा वेग कमी-जास्त करण्याचा त्रासही कमी झाला. बायकोचा अभिप्राय एका वाक्याचा: "आता उडवत न्हाई." एकटा असताना मात्र जी उसळी उरली ती सीटच्या स्प्रिंगांची आहे. त्यांना तेलबिल काही नाही, तिथं शॉकअप काय करणार?

तक्रारी. परतीची उसळी आवरणारी खालची चकती चिखलात येते. पावसाळ्यात ती अशी जाम झाली की फिरवताना खाचांची टिकटिक ऐकूच येईना, पाण्यानं धुऊन ब्रशनं घासून सुटली. रिंगच्या आट्यांवर गंज धरला, आता धुतल्यावर ग्रीसचं बोट फिरवतो. पहिले काही आठवडे रबरी बुश कुरकुरत होते. एकट्यानं सावकाश चालवताना रस्त्याच्या छोट्या सांध्यांवर गाडी कंपनीच्यापेक्षा थोडी टणक लागते, आणि चकती दोन खाचा सैल केली तरी पूर्ण जात नाही.

एकट्यानं ऑफिसला, रंकाळ्याला फिरणाऱ्यानं हा खर्च करू नये, कंपनीची नवी जोडी भरपूर झाली. मागे रोज माणूस बसत असेल तर विचार करा.

माझे शॉकअप खोलून तेल आणि गॅस पुन्हा भरता येतो, पण त्या दाबानं नायट्रोजन भरून देणारं कोल्हापुरात मला कुणी सापडलं नाही. विकणाऱ्यानं पुण्याला कुरिअर करायला सांगितलंय. तेवढे दिवस गाडी उभी राहू नये, म्हणून कंपनीची मेलेली जोडी भंगारात न घालता माळ्यावर ठेवली आहे.