वाद्यवृंद: रंगमंचावरचा आणि शाळेतला
ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याने ४४० हर्ट्झचा स्वर दिला आणि सगळी वाद्ये त्याच्याशी जुळत गेली, तेव्हाच या सिंफनी ऑर्केस्ट्राच्या, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या, शिस्तीचा अंदाज आला. बीथोव्हनची १८०८ साली प्रथम सादर झालेली पाचवी सिंफनी, म्हणजे चार भागांची मोठी वाद्यरचना, वाजवताना, तिसऱ्या भागातून चौथ्यात नेणारी टिंपनी या मोठ्या नगाऱ्याची दबकी थाप आणि तिच्यावर हळूहळू चढत जाणारी व्हायोलिने कंडक्टरने, म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालकाने, जराही घाई न करता सांभाळली. तोवर गप्प बसलेले ट्रॉम्बोन, म्हणजे पितळी फुंकवाद्ये, मात्र नंतर अंमळ जास्तच गरजले. याच वाद्यवृंदाचा शाळांसाठीचा कार्यक्रम मला अधिक मोलाचा वाटला, कारण तिथे मुलांना नुसते हाताची घडी घालून बसवले नव्हते, तर चेलो या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याची तार स्वतः छेडू दिली होती. शिकवणीचे वर्गही नेटके आहेत, पण सरावासाठी वाद्य घरी नेता येत नाही, ही अडचण व्यवस्थापनाने लवकर सोडवावी.