भारताचा कुठला वर्ल्ड कप विजय भारी: पुरुषांचं ८३ चं लॉर्ड्स की बायकांचं २०२५ चं नेरूळ?
नेरूळकरांनो चिडू नका, पण धक्का म्हणाल तर ८३ च. आधीच्या दोन वर्ल्ड कपमध्ये मिळून आपण एकच मॅच जिंकलेलो, तीपण ईस्ट आफ्रिकेविरुद्ध, आणि फायनलला समोर दोनदाचे चॅम्पियन वेस्ट इंडिज, आपण १८३ मध्ये गुंडाळलो तरी ४३ रननी जिंकलो! नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर फायनलला हरमनप्रीतच्या टीमने २९८ ठोकले, साउथ आफ्रिका २४६, म्हणजे त्या मानाने आरामात.

पण पोरींनी २००५ आणि २०१७ अशा दोन फायनल हरून हा कप आणलाय, ते ओझं कपिलच्या टीमवर नव्हतं. (बायकांचा वर्ल्ड कप पुरुषांच्या दोन वर्षं आधी, १९७३ लाच सुरू झाला, हे आमच्या कट्ट्यावर कोणालाच पटत नाही.)

कॅचमध्ये मात्र मी नेरूळवाला. कपिलने उलटं पळत रिचर्ड्सला पकडलं ते क्लासच, पण साउथ आफ्रिकेची कॅप्टन वोल्वार्ट १०१ वर, आपल्या अमनजोतच्या हातातून बॉल उडतोय काय, परत उडतोय काय, शेवटी पकडला बाबा!

आणि बघायला मिळण्याचं म्हणाल तर ८३ च्याच वर्ल्ड कपमधल्या कपिलच्या नाबाद १७५ चं फुटेजच नाहीये, २०२५ च्या जेमिमाच्या सेमीफायनलमधल्या नाबाद १२७ चे हायलाइट्स वाशी ते पनवेल आरामात दोनदा बघून होतात.