मादी सशाची नसबंदी: रिकव्हरीसाठी आणलेल्या वस्तूंचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

कापशीची नसबंदी होऊन आता बरेच महिने झाले. शस्त्रक्रियेआधी जमवलेल्या वस्तूंपैकी काही आजही रोज हाताशी लागतात, काही कपाटात पडून आहेत. ऑपरेशननंतर काय काय लागतं याच्या बहुतेक याद्या कुत्र्या-मांजरांच्या अनुभवावरून केलेल्या असतात आणि त्यांत सगळा भर टाक्यांवर असतो. सशाच्या बाबतीत टाक्यांची काळजी दुसरी, पहिली पोटाची. भूल, दुखणं आणि भीती यांनी सशाचं आतडं मंदावतं, आणि ते पुरतं थांबलं तर ससा काही तासांतच खालावतो. त्यामुळे खालच्या प्रत्येक वस्तूचं मोल मी एवढ्यावरूनच ठरवलंय, की तिच्यामुळे कापशीच्या खाण्याला आणि लेंड्यांना मदत झाली की अडथळा.

माझ्या लेखी पहिला क्रमांक स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्याचा. ग्रॅममध्ये आकडा दाखवणारा, 5 किलोपर्यंत पेलणारा साधा काटा, त्यावर उथळ टोपली आणि टोपलीत न घसरणारं कापड. शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच रोज सकाळी ठरावीक वेळी वजन घेऊन वहीत लिहीत होते, त्यामुळे तिचा नेहमीचा आकडा आणि त्यातला रोजचा चढउतार माहीत होता. ससा हा शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. कोपऱ्यात गप्प बसलेला ससा सुधारतोय की बिघडतोय हे नुसतं बघून कळत नाही, पण वजन सलग उतरायला लागलं की लगेच कळतं. शिवाय औषधाचा आणि भरवण्याचा डोस किलोवर ठरतो, आणि फोनवर डॉक्टर पहिल्यांदा वजनच विचारतात.

त्याच्या खालोखाल गवतापासून केलेली रिकव्हरी फूडची पावडर. कोमट पाण्यात कालवायची आणि सिरिंजने भरवायची. निमुळत्या टोकाच्या सिरिंजमध्ये ती हमखास अडकते, म्हणून रुंद तोंडाच्या सिरिंजा घ्या, आणि एक नको, चार-पाच घ्या. ससा टॉवेलात गुंडाळताना मागचे पाय नीट आधारात हवेत. सशाच्या लाथेत इतका जोर असतो की पाय मोकळे राहून त्याने झटका दिला तर त्याचाच कणा मोडू शकतो. त्याला उताणं कधीच करू नका, भरवलेलं फुप्फुसात जाण्याची भीती असते. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये रिकामी जागा असते, तिथून बाजूने टोक आत घालायचं, अर्धा ते एक मिली सोडायचं आणि थांबायचं. हनुवटी खाली-वर होताना दिसली, गिळल्याचं कळलं, की पुढचा घास. कापशी सुरुवातीला सगळं हनुवटीवरून खाली सोडायची. हिरवा ओघळ लगेच ओल्या फडक्याने पुसावा लागतो, नाहीतर केस चिकटून कडक होतात आणि खालची त्वचा लाल पडते. मग हळूहळू तिने सिरिंजचं टोक स्वतःहून चावायला सुरुवात केली. पोट फुगून टणक लागत असेल तर मात्र काहीही भरवू नका, आधी दवाखाना गाठा. आत अडथळा असेल तर वरून ढकललेलं अन्न घात करतं.

लेंड्यांकडे इतकं बारीक लक्ष मी आयुष्यात दिलं नव्हतं. पहिल्या आल्या त्या बारीक, काळ्या, एका टोकाला निमुळत्या, दोन-तीन केसांनी एकमेकींना जोडलेल्या. नंतर त्या हळूहळू मोठ्या आणि गोल झाल्या, रंग फिका झाला, बोटांत चुरडल्यावर गवताचे तंतू दिसायला लागले. डॉक्टरांची सूचना स्पष्ट होती: 12 तासांत खाणं नाही किंवा लेंडी नाही, तर सकाळची वाट पाहायची नाही. यासाठी रात्री चालू असणारा आणि ससे बघणारा दवाखाना कोणता, हे शस्त्रक्रियेच्या आधीच शोधून ठेवा.

आणि हे सगळं वेदनाशामकाशिवाय फोल आहे. दुखत असेल तर ससा खात नाही, खाल्लं नाही की पोट थांबतं, पोट थांबलं की आणखी दुखतं. आम्हाला घरी द्यायला मेलॉक्सिकॅमचं पातळ औषध मिळालं. दवाखान्यातून निघताना वेदनाशामक दिलं नसेल तर स्वतःहून विचारा, लाजू नका. घरातलं माणसांचं औषध मात्र अजिबात देऊ नका. अँटिबायोटिकचंही तसंच. अमॉक्सिसिलिनसारखी काही औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले जिवाणू बिघडून जिवावर बेततं.

दुखतंय हे ओळखण्यासाठी मला रॅबिट ग्रिमेस स्केलचा फार उपयोग झाला. 2012 साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत सशाच्या चेहऱ्यावरच्या पाच खुणा बघते: डोळे किती मिटलेत, गाल किती बसलेत, नाकपुड्यांचा आकार, मिशा आणि कान. कापशी धडधाकट असताना काढलेला फोटो समोर ठेवून मी तुलना करायचे. अर्धवट मिटलेले डोळे, अंगाशी गोळा केलेले पाय आणि कर्रकन दात खाणं दिसलं की डॉक्टरांना फोन. लाडात आल्यावर दातांचा जो हलका आवाज येतो तो वेगळा. दोन्ही एकदा ऐकले की गोंधळ होत नाही.

आता सूट. ऑपरेशननंतर घालायचा कापडी सूट मी मोठ्या आशेने घेतला होता, पण माझ्या दृष्टीने तो सगळ्यांत निरुपयोगी ठरला. घातल्याबरोबर ती जमिनीला चिकटून बसली, समोरच्या गवताला तोंड लावेना. काढला तेव्हा थोड्या वेळाने उठून दोन काड्या चावल्या. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं परत मिळतात. सूटचं मागचं भोक अरुंद असलं की ते बंद होतं. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर त्याहून वाईट, कारण तिने मऊ लेंड्याही जातात आणि अंग चाटणंही. आमच्या डॉक्टरांनी त्वचेच्या आतून विरघळणारे टाके घातले होते, बाहेर ओढायला धागाच नव्हता. तशी सोय होते का हे आधी विचारा. ससा खरोखरच जखम कुरतडत असेल तर सूट घालावा लागेल, पण मग तो घातल्यावर ती खातेय का हे नजरेसमोर हवं. जखम मी दिवसातून दोनदा बघायचे: तिचे पुढचे पाय मांडीच्या कडेवर टेकवायचे आणि फोन खाली धरून फोटो काढायचा. लाली, सूज किंवा ओल वाढली तर तोच फोटो डॉक्टरांना.

फ्लीसची अंथरुणं आणि शी-शूसाठी एका बाजूने बुटका ट्रे, दोन्ही उत्तम, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. ट्रेमध्ये पसरायचं भुकटी होणारं लिटर जखम भरेपर्यंत टाळा. ऊब द्यायची तर पिंजऱ्याच्या एकाच बाजूला द्या, गरम वाटलं की तिला सरकता आलं पाहिजे.

घडीचं प्लेपेन, म्हणजे जाळीचं कुंपण, उड्या रोखण्यासाठी आणलं होतं आणि ते आजही उभं आहे. जाळीच्या पलीकडे तिचा जोडीदार असायचा. त्याची नसबंदी आधीच झालेली होती, तरी त्याने तिच्यावर चढू नये म्हणून तिची जखम भरेपर्यंत दोघांना वेगळं ठेवलं. वेगळं म्हणजे दुसऱ्या खोलीत नाही. एकमेकांचा वास आणि सहवास तुटला तर जोडी पुन्हा जमवताना भांडणं होतात. जाळीला नाक लावून दोघं शेजारी शेजारी गवत खायची, आणि एकाला खाताना बघून दुसराही खातो हे मी रोज पाहिलं.

शस्त्रक्रियेआधी ती खोटी गरोदर राहायची, छातीचे केस उपटून घरटं करायची, हात पुढे केला की गुरगुरायची. हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात, त्यामुळे टाके बरे झाले तरी ट्रेबाहेर मुतणं लगेच थांबलं नाही. ट्रेची जागा न बदलता वाट पाहिली, मग थांबलं. गुरगुरणं गेलं. जमिनीवर आडवं पडलं की आता स्वतःहून येऊन कपाळ पुढे करते. भूक मात्र वाढली आहे, म्हणून पेलेट्स (दाबून केलेलं दाणेदार खाद्य) कमी केल्यात आणि गवत तिला हवं तेवढं.